जुने जेड पारखताना रंगावर जाऊ नका

विचारणा थोडक्यात अशी आहे. पांढऱ्या जेडचे, ड्रॅगन कोरलेले एक पदक विकाऊ आहे. त्यावर तांबूस-तपकिरी डाग आहेत. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ते चीनच्या हान काळातले, थडग्यातून निघालेले आहे आणि डाग मातीत पडून आलेले आहेत. सोबत प्रयोगशाळेचे ‘नैसर्गिक नेफ्राइट’ (नेफ्राइट हा जेडचाच एक प्रकार) असे प्रमाणपत्र आहे. चाकूने ओरखडाही उठत नाही. एवढ्यावर घ्यावे का?

एवढ्यावर घेऊ नका. वस्तू खोटीच आहे असे मी म्हणत नाही. पण दिलेल्या पुराव्यांपैकी एकही तिच्या वयाबद्दल काही सांगत नाही. प्रमाणपत्र आणि चाकू दोन्ही दगडाविषयी बोलतात, आणि डागांवर तर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा.

इथे तीन प्रश्न आहेत: दगड कोणता, काम कधीचे, आणि पृष्ठभागाला मुद्दाम म्हातारपण दिले आहे का. विक्रेते पहिल्याचे उत्तर ठासून देतात आणि उरलेल्या दोघांचे गिऱ्हाईक स्वतःच गृहीत धरते. सगळा धंदा या फटीत चालतो. कारण आज बाजारात आलेल्या उत्तम बनावट वस्तू काचेच्या किंवा संगजिऱ्याच्या नसतात. त्या अस्सल नेफ्राइटच्याच असतात, फक्त कोरलेल्या अलीकडे. दगड कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, त्यावरचा हात गेल्या पाच-दहा वर्षांतला. लाकडा-हाडाला कार्बन कालमापन लावता येते, जेडला नाही. कोरीव काम कोणत्या साली झाले हे आकड्यात सांगणारी चाचणी अस्तित्वात नाही. त्यामुळे वय काढायचे ते कामाच्या खुणांवरून, घाटावरून आणि वस्तू कोणाकोणाच्या हातून आली त्यावरून.

तरी दगडापासून सुरुवात करू, कारण तेवढ्यावरच अर्ध्या वस्तू बाद होतात. जेड म्हणून दोन वेगळी खनिजे ओळखली जातात. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर याने १८६३ मध्ये त्यांतला फरक रासायनिकदृष्ट्या दाखवून दिला. नेफ्राइट म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सिलिकेट, बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले. घनता साधारण २.९५, कठीणता ६ ते ६.५. जेडाइट म्हणजे सोडियम-ॲल्युमिनियमचे सिलिकेट, दाणेदार, घनता ३.३४ च्या आसपास, कठीणता ६.५ ते ७. प्राचीन चीनचे जेड म्हणजे नेफ्राइट. ब्रह्मदेशातले हिरवे जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर यायला लागले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून पाचूसारख्या हिरव्या जेडाइटची वस्तू कोणी ‘मिंग काळातली’ (१३६८ ते १६४४) म्हणून पुढे केली तर भिंग काढायचीही गरज नाही. मध्य अमेरिकेची गोष्ट वेगळी. ओल्मेक आणि माया लोकांचे जेड हे जेडाइटच, ग्वाटेमालातल्या मोताग्वा नदीच्या खोऱ्यातले.

नकली दगडांची यादी लांब आहे, पण त्यात फार रमण्यासारखे काही नाही. सर्पेंटाइन, रंगवलेले क्वार्ट्झाइट, ॲव्हेंच्युरिन, संगमरवर, संगजिरा, काच. बहुतेक सगळे घनतेवर पकडले जातात आणि ती घरी मोजता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही अशी धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर तिचे आकारमान. कोरडे वजन ५९ ग्रॅम आणि बुडवल्यावर २० आले, तर घनता २.९५, नेफ्राइटशी जुळते. सर्पेंटाइन २.६ च्या आसपास घुटमळते, क्वार्ट्झ २.६५, संगमरवर २.७. जेडाइटच्या जवळ जाणारा एक हिरवा गार्नेट आहे, त्याच्यासाठी मात्र अपवर्तनांक, म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वाकतो ते, बघावा लागतो. वस्तूला सोन्याचे कोंदण, खड्यांचा जडाव, डिंकाने चिकटवलेला तुकडा किंवा पांढरा भुसभुशीत झालेला भाग असेल तर पाण्यात घालू नका.

चाकूच्या चाचणीबद्दल मला जरा चीड आहे. नेफ्राइट पोलादाला दाद देत नाही हे खरे, पण क्वार्ट्झही देत नाही. आणि उलट बाजू कोणी सांगत नाही: शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या नेफ्राइटचा पृष्ठभाग झिरपणाऱ्या पाण्याने सच्छिद्र होतो, मऊ पडतो. म्हणजे चाकूच्या परीक्षेत खरी उत्खनित वस्तू नापास होईल आणि काल कोरलेली दिमाखात पास होईल. ओरखडा मात्र कायमचा राहील. लाल तापवलेली सुई टोचणे, कानाशी टणत्कार ऐकणे, गालाला लावून गारवा बघणे हे प्रकारही सोडून द्या. गार तर कुठलाही दगड लागतो.

प्रमाणपत्राचा अर्थही नीट समजून घ्या. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ दगड निसर्गात तयार झाला एवढाच. जेडाइटच्या बाबतीत प्रयोगशाळा त्यापुढे जाऊन ए, बी, सी असे प्रकार सांगतात: ए म्हणजे मेणापलीकडे काही न लावलेला, बी म्हणजे आम्लाने धुऊन आत राळ भरलेला, सी म्हणजे रंग दिलेला. राळ इन्फ्रारेड वर्णपटात दिसते. हे सगळे दागिन्यासाठी मोलाचे आहे. पण कोरीव काम कधीचे, या रकान्यात कोणतीही चांगली प्रयोगशाळा सही करत नाही. केली असेल तर तो कागदच संशयास्पद.

दगडावरून वयाचा धागा एका ठिकाणी मिळतो, तो म्हणजे खाण. चीनचे अभिजात पांढरे जेड आजच्या शिनच्यांगमधल्या खोतानचे, तिथल्या युरुंगकाश आणि काराकाश नद्यांतून आणि वरच्या डोंगरातून आलेले. १७५९ मध्ये चीनच्या चियनलुंग सम्राटाने तो मुलूख जिंकला आणि त्यानंतर राजवाड्याच्या कारखान्यांत मोठमोठे पांढरे ठोकळे पोचू लागले. उलट चीनच्याच छिंगहाई प्रांतातले नेफ्राइट आणि सायबेरियातले व्हितिम नदीकडचे पांढरे नेफ्राइट बाजारात भरपूर आले ते १९९० च्या दशकापासून. छिंगहाईचा दगड जरा जास्त पारदर्शक, किंचित राखाडी झाक असलेला, आणि उजेडासमोर धरला की त्यात बऱ्याचदा पाण्यासारख्या स्वच्छ रेषा दिसतात. ‘मिंग’ म्हणवणाऱ्या पदकात अशा रेषा दिसल्या तर विक्रेत्याला अडचणीचे प्रश्न विचारायला हरकत नाही. फक्त डोळ्यावर अवलंबून खाण ठरवू नका. त्यासाठी सूक्ष्म मूलद्रव्यांचे विश्लेषण लागते आणि तेही दरवेळी निःसंदिग्ध नसते.

आता मुख्य गोष्ट. पारख करणाऱ्याने सर्वात जास्त वेळ द्यावा तो खाचांना.

जेड छिन्नीने कोरत नाहीत, ते घासून झिजवतात. तंतू एवढे घट्ट गुंतलेले असतात की ठोकून नेमका तुकडा निघत नाही. आधुनिक काळापर्यंत दगड कापला तो दोरी, लाकूड, बांबू, हाड, पुढे काशाचे नि लोखंडाचे चाक यांनी नव्हे, तर त्यांच्यासोबत पाण्यात कालवून सोडलेल्या वाळूने: गारगोटीची वाळू, गार्नेट, कुरुंद. हत्यार केवळ वाळू फिरवायचे. तीही सुटी असायची. कण लोळत, तुटत, दिशा बदलत जायचे. चाक पायाने हलवायचे, तेही संथ. त्यामुळे जुन्या खाचेच्या आत भिंगातून पाहिले की कमी-जास्त जाडीचे, मध्येच विरणारे, एकमेकांवरून जाणारे ओरखडे दिसतात. चाकाने केलेली खाच मधे खोल आणि दोन्ही टोकांना उथळ होत संपते, कारण चाक गोल असते. वळणदार रेषा काढायची तर कारागीर असे छोटे छोटे तुकडे एकापुढे एक जोडत जायचा. जोड कुठे थोडा चुकतो, कुठे रेघ बाहेर सरकते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेवर फिरणारी, पात्यावर हिऱ्याचे कण घट्ट बसवलेली हत्यारे आली. इथे कण लोळत नाही. तो त्याच जागी राहून हजारो फेरे त्याच वाटेने जातो. परिणामी खाचेत समांतर, सारख्या, सलग, तीक्ष्ण रेघा उमटतात. वळणावर हत्यार थरथरले तर नियमित अंतरावर लहरी दिसतात. खाचेची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहते. हाताने ओढलेली रेघ आणि पट्टी धरून मारलेली रेघ यांत जो फरक डोळ्याला लगेच कळतो, तोच फरक इथे दहापट भिंगातून दिसतो, फक्त उजेड तिरपा हवा. सरळ वरून पडलेल्या प्रकाशात काही दिसत नाही. छोटी विजेरी वस्तूच्या पातळीला जवळजवळ टेकवून धरा आणि वस्तू हळूहळू फिरवा.

ब्रिटिश म्युझियममधल्या संशोधकांनी हे काम शास्त्रीय शिस्तीने केले. खाचांवर दंतवैद्य वापरतात तसला सिलिकॉनचा लगदा दाबून ठसा घेतला, तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि शेजारी निरनिराळ्या हत्यारांनी मुद्दाम केलेल्या खाचा ठेवल्या. वस्तूला धक्का न लागता हत्यार कोणत्या जातीचे होते हे सांगता येते. मोठी खरेदी असेल तर असा ठसा करून घेण्याची अट घाला.

काळ बदलतो तशा खुणा बदलतात, म्हणून ‘जुने म्हणजे असे’ असा एक साचा चालत नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ३३०० ते २३०० या काळातल्या चीनमधल्या नवाश्मयुगीन ल्यांगझू संस्कृतीच्या वस्तूंवर, सपाट बाजूला, दोरीने दगड कापल्याच्या कमानदार खुणा उरलेल्या सापडतात. त्यांच्यावरची कोरलेली रेघ नुसत्या डोळ्याला एक दिसते. भिंगाखाली ती टोकदार कठीण दगडाने हाताने खरडलेल्या अनेक बारीक, वेड्यावाकड्या रेघांचा जुडगा निघते. भोक दोन्ही बाजूंनी नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते आणि मधे दोन्हींचा मेळ जरा चुकून कंगोरा राहतो. सरळ, एकाच व्यासाचे, आरपार गुळगुळीत भोक असलेली ‘नवाश्मयुगीन’ वस्तू परत देऊन टाका.

हान काळ (इ. स. पूर्व २०६ ते इ. स. २२०) हा तुमच्या पदकाचा दावा आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. या काळातल्या ड्रॅगनच्या शरीरात ताण असतो. मान, पाठ, शेपूट एकाच झटक्यात वळल्यासारखी वाटतात आणि कुठेही मेणासारखा ढिलेपणा नसतो. जाळीचे काम असेल तर समोरून बघू नका, छिद्रांच्या आतल्या भिंती बघा. तिथे आधी भोक पाडून मग दोरी किंवा तार ओवून वाळूने कापलेले असते, त्यामुळे भिंतीवर किंचित लाटांसारख्या, असमान रेघा राहतात. पृष्ठभागावर धान्यासारखे उंचवटे असतील तर दोन उंचवट्यांमधली जमीन तपासा. खऱ्या कामात आजूबाजूचा दगड झिजवून दाणा वर काढलेला असतो आणि प्रत्येक दाणा शेजाऱ्यापेक्षा थोडा निराळा असतो. नकलेत दाणे एकसारखे आणि मधली जमीन खडबडीत किंवा लाटालाटांची, कारण तिथवर झिलई करायला कोणाला वेळ नसतो. जुन्या कारागिराने कोपऱ्यात, कानामागे, पायांच्या बेचक्यात, वाटीच्या आतल्या तळाशीही चामडे, लाकूड, भोपळ्याचे साल घेऊन बारीक वाळूने झिलई केलेली असते. मजुरी स्वस्त आणि मालक कडक, असा तो काळ. आजची नक्कल दर्शनी भागावर काचेसारखी चमकते आणि बेचक्यात पांढुरकी, राठ राहते.

हे वाचून बनावट करणारेही शहाणे होतात, हे खरेच. काही जण मुद्दाम सुटी वाळू आणि जुन्या पद्धतीचे चाक वापरतात. पण तो खर्च परवडेल एवढी किंमत येणाऱ्या वस्तूंसाठीच हे होते, आणि तिथे मग घाट आणि इतिहास कामाला येतात. त्यांच्याकडे वळण्याआधी तुमच्या डागांचे बघू.

जमिनीत जेडला रंग येतो तो भेगांतून. लोहाची संयुगे पाण्याबरोबर झिरपतात, तपकिरी नि तांबूस छटा भेगेपासून दोन्ही बाजूंना हळूहळू फिकी होत जाते. पांढरेपणा येतो तो दगडाचा काही अंश विरघळून तंतू मोकळे झाल्यामुळे. खरी झीज ही दगडाच्या घडणीच्या मागे जाते, नक्षीच्या मागे नाही. ती खाच, उंचवटा, कडा सगळ्यांवरून बेफिकीरपणे पसरते. बनावट रंगाचे उलटे असते: तो खाचांच्या तळाशी साचतो, भोकाच्या तोंडाशी दाटतो, जिथे ‘मळ जमेल’ असे वाटते तिथेच नेमका जमतो. डागाची कडा तुटक असेल, भिंगात रंग बारीक खड्ड्यांच्या आत ठिपक्यांसारखा बसलेला असेल, तर आधी आम्लाने पृष्ठभाग खाऊन मग रंग दिला असण्याचा संशय घ्या. हायड्रोफ्लोरिक आम्लाने खाल्लेला भाग सगळीकडे एकाच खोलीचा, मेलेल्या रंगाचा दिसतो. आणखी एक तपासणी: पांढरा झालेला थर एखाद्या खाचेने कापला गेला आहे आणि खाचेच्या तळाशी ताजा दगड दिसतो आहे का? तसे असेल तर दगड जुना असेलही, नक्षी नंतरची आहे. खऱ्या पण साध्या जुन्या तुकड्यावर नवी नक्षी काढून किंमत वाढवणे हा फार फायद्याचा प्रकार आहे.

ही विद्या आजची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गाओ ल्येन या चिनी लेखकाने सूचौ शहरातल्या कारागिरांच्या जुन्या वाटणाऱ्या नकलांबद्दल लिहून ठेवले आहे. जिवंत मेंढीच्या पायात जेडचा तुकडा शिवून ठेवायचा आणि काही वर्षांनी काढायचा, म्हणजे आत रक्ताच्या रेषा उतरतात, असली कृतीही चिनी संग्राहकांच्या जुन्या लिखाणात येते. कितपत उपयोगी होती कोण जाणे, पण तिच्याविषयी लिहावे लागले यावरून मागणी कळते. मला सगळ्यात आवडते ती खुद्द चियनलुंग सम्राटाची हकिकत. त्याच्याकडे तांबूस डागांचा एक जेडचा पेला होता, दिसायला हान काळातला, पण सम्राटाला शंका होती. त्याने दरबारातला जेड-कारागीर याओ झोंगरेन याला विचारले. याओ हसला आणि म्हणाला की हा पेला माझ्या आजोबांनी केला आहे. मग कृतीही सांगितली: हिऱ्याच्या टोकाने दगडावर वाळूसारखे दाट टोचे पाडायचे, ॲम्बर (झाडाची अश्मीभूत राळ) चोळून मुरवायचे, आणि फार प्रखर नाही, फार मंद नाही अशा विस्तवावर रात्रंदिवस, वर्षाहून अधिक काळ ठेवायचे. सम्राटाने ते सगळे लिहून ठेवले. वर्षभर विस्तव राखायची चिकाटी आजच्या बाजारात नाही, हीच काय ती आपली सोय.

उष्णतेचा एक पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. नेफ्राइट साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तापवले तर त्यातले मूळ खनिज मोडते आणि डायोप्साइड हे दुसरेच खनिज तयार होते. पांढऱ्या, हाडासारख्या दिसणाऱ्या भागात रामन वर्णपटात (लेसरच्या उजेडाने खनिज ओळखण्याच्या चाचणीत) डायोप्साइड सापडले तर दगड भाजला आहे. पण इथे घाई नको. प्राचीन काळी विधीत खरोखरच जेड आगीत टाकल्याची उदाहरणे आहेत. भाजलेले म्हणजे बनावट, असे समीकरण नाही. ‘मातीत पडून पांढरे झाले’ एवढे सांगणाऱ्याचे म्हणणे तेवढे खोटे ठरते.

वापराची झीज बघताना जेडचा चिवटपणा लक्षात ठेवा. दोनशे वर्षे अंगावर वापरलेले पदक फारसे झिजत नाही. दोऱ्याच्या भोकाची वरची कडा, जिथे भार येतो, तिथे थोडी वाहून गेलेली असते, आणि बोटे लागतात ते उंचवटे किंचित मऊ असतात. सगळ्या कडा सारख्याच गोल, अगदी बोट पोचणार नाही अशा ठिकाणच्याही, म्हणजे यंत्रात घालून घोळवले आहे.

आता घाट. नक्कल करणारा बहुतेकदा पुस्तकातल्या छायाचित्रावरून काम करतो. म्हणून छायाचित्रात जे दिसत नाही ते आधी बघा: मागची बाजू, तळ, जाडी, बाजूने दिसणारी रेषा, पोकळीचा आतला भाग. समोरून डौलदार आणि कडेवरून पाहिले तर फळीसारखे सपाट, असे फार दिसते. दुसरे म्हणजे त्या काळातल्या माणसाला ही वस्तू कशासाठी लागली असती, हे विचारा. २०११ मध्ये बीजिंगमध्ये ‘हान काळातले’ म्हणून जेडचे शृंगारमेज आणि स्टूल लिलावात २२ कोटी युआनला गेले. जाणकारांनी दाखवून दिले की हान काळात लोक जमिनीवर चटई टाकून बसत. पाय सोडून बसायची स्टुले चीनमध्ये पुढच्या काळात रुळली. भिंग, घनता, वर्णपट काही लागले नाही. त्याच वर्षी आणखी एक प्रकरण चव्हाट्यावर आले. सोन्याच्या तारेने जेडचे तुकडे शिवलेली ‘हान राजवस्त्रे’ अब्जावधी युआनची असल्याचा दाखला तज्ज्ञांनी दिला होता आणि तो मालकाला कर्ज मिळवताना उपयोगी पडला होता. तज्ज्ञांनी वस्तू पाहिली होती ती काचेच्या पेटीबाहेरून. अशा दाखल्यावर किती मोठी नावे आहेत यापेक्षा वस्तू हातात घेतली होती का, एवढेच मी विचारतो.

मात्र जुन्या घाटाची नवी वस्तू म्हणजे लबाडी, असेही नाही. सुंग काळापासून (९६० ते १२७९) चीनमध्ये प्राचीन काशाच्या भांड्यांचे आणि जेडचे अनुकरण हा प्रतिष्ठित प्रकार होता. चियनलुंगच्या कारखान्यातल्या काही वस्तूंवर तर ‘चियनलुंग काळात, प्राचीनाचे अनुकरण’ असा शिक्काच कोरलेला असतो. ही प्रामाणिक नक्कल आज स्वतःच मौल्यवान आहे, आणि अर्थातच तिच्याही नकला निघतात. शिक्क्याची अक्षरे बघा: चाकाने कोरलेल्या फटकाऱ्यांची टोके निमुळती असतात, खोली कमी-जास्त असते. वाळूच्या फवाऱ्याने किंवा लेसरने केलेले अक्षर तळाला सपाट आणि सगळीकडे एकाच खोलीचे. मिंग काळातल्या सूचौच्या लू झीगांगचे नाव दिसले तर हुरळू नका. त्याचे नाव त्याच्यानंतर शेकडो वर्षे कारागीर बिनधास्त कोरत आले आहेत.

मोगल जेडला हेच नियम लागतात, थोड्या फरकाने. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला शाहजहानचा १६५७ चा पांढरा पेला मनात ठेवा: भोपळ्याच्या आकाराची वाटी, खाली कमळ, मूठ म्हणजे बकऱ्याचे मुंडके, आणि भिंत इतकी पातळ की उजेड आरपार येतो. चांगल्या मोगल कामात पाकळीची कडा वाटीच्या अंगातूनच उमलते. नकलेत फूल वर चिकटवल्यासारखे बसते. कुंदनाच्या जडावात खड्याभोवती शुद्ध सोन्याची पत्री दाबून बसवलेली असते. खड्याच्या कडेला डिंकाचा थर किंवा बुडबुडा दिसला तर निदान तो जडाव तरी नंतरचा आहे.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींच्या हेइ-टिकीबद्दल, म्हणजे गळ्यात घालायच्या मनुष्याकृती पदकाबद्दल, एकच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नि विसाव्याच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे अस्सल नेफ्राइट जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनच्या रत्नकारागिरांकडे जात असे आणि तिथे टिकी तयार होत. दगड खरा, वय शंभरीच्या पुढे, हात मात्र माओरी नव्हे.

राहिला इतिहास. ‘थडग्यातून निघाले’ हे वाक्य विक्रेते भूषण म्हणून सांगतात. चीनच्या १९८२ च्या सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्यानुसार जमिनीखालचे सगळे अवशेष सरकारी मालकीचे. म्हणजे ते वाक्य खरे असेल तर तुम्ही लुटीचा माल घेत आहात, आणि खोटे असेल तर नकली. जुन्या संग्रहातून आल्याचा कागद असेल तर त्यातले शब्द काळाशी ताडून बघा. ल्यांगझूचे अवशेष १९३६ मध्ये प्रथम सापडले, त्या संस्कृतीला ते नाव १९५९ मध्ये मिळाले, आणि त्सोंग नावाच्या चौकोनी नळ्या तिच्याच थडग्यात सापडल्या त्या १९७३ मध्ये. त्याआधी संग्राहक त्यांना हानच्या आधीच्या चौ काळातल्या किंवा हान काळातल्या समजत. १९२० च्या म्हणून दाखवलेल्या पावतीवर ‘ल्यांगझू त्सोंग’ लिहिले असेल तर वस्तू पाहायची तसदीही घेऊ नका.

तुमच्या पदकापुरते आता एवढे करा. विक्रेत्याकडून चार छायाचित्रे मागा: तिरप्या उजेडात एका खाचेचे जवळून, भोकाच्या आतले, जाळीच्या आतल्या भिंतीचे, आणि वस्तू कडेवर उभी करून. मागून विजेरी लावून डागाचे पाचवे मिळाले तर फारच छान. डाग भेगेच्या वाटेने आत गेला आहे की वरच्या कातडीवरच थांबला आहे ते त्यात दिसेल. पावतीवर नुसते ‘प्राचीन जेड’ नको. काळ, साहित्य, आणि स्वतंत्र तपासणीत दावा टिकला नाही तर किती दिवसांत पूर्ण पैसे परत, हे सगळे लेखी हवे. छायाचित्रे द्यायला किंवा ही अट लिहून द्यायला तो खळखळ करू लागला, तर नव्याने कोरलेल्या पांढऱ्या नेफ्राइटच्या पदकाला जी किंमत द्याल तेवढीच त्याला सांगा.